गंधकाचा बाक

४ जानेवारी, सोमवार

नवी वही, नवं पद, नवी खोली. पद: प्रमुख, गंधक विनियोग कक्ष. कक्षात सध्या मी एकटाच, त्यामुळे प्रमुख कोण याबद्दल वाद नाही.

खोली वजनकाट्याच्या मागे. पूर्वी इथे आग विझवायच्या वाळूच्या बादल्या ठेवत. बादल्या अजून आहेत. एक टेबल, दीड खुर्ची (एकीला पाठ नाही), एक खिडकी. खिडकीतून थेट डोंगर दिसतो. पिवळाधमक, चार मजले उंच. आमच्या रिफायनरीत पेट्रोल-डिझेल करताना तेलातलं गंधक काढावंच लागतं, तसा कायदा आहे. काढलेलं कुठे ठेवायचं याचा मात्र कायदा नाही. घेणारा कोणी मिळेना, म्हणून नऊ वर्षं ते यार्डात साठतंय.

मोठे साहेब म्हणाले, तुम्ही आता स्टोअर्समध्ये राहू नका, त्या डोंगराचं काहीतरी करा. केवढा हा विश्वास! स्टोअर्समधली जळकी मंडळी म्हणतात, डाव्या हातमोज्यांमुळे याला हलवला. मी चार हजार हातमोजे मागवले आणि सगळे डाव्या हाताचे आले, हे खरं. पण फॉर्मवर ‘हात’ असा एकच रकाना होता. मी तो भरला. यात माझं काय चुकलं?

संकल्प: रोज सकाळी कामावर आल्याबरोबर गंधकाचा एक नवा औद्योगिक उपयोग. पावसाळ्यापर्यंत यार्ड सपाट.

५ जानेवारी

उपयोग पहिला: आगकाड्या.

दुपारी कळलं, आगकाड्यांचा शोध लागलेला आहे.

६ जानेवारी

आज सुचला नाही. खिडकीला पडदा नाही, उजेड डोळ्यांवर येतो, अशाने काय सुचणार? पडद्यासाठी अर्ज केला.

८ जानेवारी, शुक्रवार

उपयोग दुसरा: सुरुंगाची दारू. खाणीवाल्यांना लागते. मोठ्या साहेबांना लगेच ईमेल टाकला, विषय: ‘स्फोटाबाबत, तातडीचे’. अकराच्या सुमारास सिक्युरिटीचे चार जण आले. दोन तास बसले. एकच खुर्ची धड असल्यामुळे आळीपाळीने बसले. माझा डबा उघडून बघितला. नोंद: यापुढे विषयाच्या ओळीत सौम्य शब्द वापरायचे.

१२ जानेवारी

कक्षाचा विस्तार! लॅबमधली एक केमिस्ट बाई मला अर्धवेळ मिळाली. तिशीची, बारीक, बोलते कमी. मला अशीच माणसं आवडतात, कामात अडथळा येत नाही.

आल्या आल्या तिने खिडकीत मातीच्या सहा कुंड्या मांडल्या. पडद्याऐवजी बऱ्या दिसतात. ती काहीतरी सांगू लागली, की सर, हल्ली जमिनीत गंधक कमी पडतंय. मी तिथेच थांबवलं. म्हटलं, बाई, शेतीबिती आपला विषय नाही. आपल्या ऑर्डरवर स्पष्ट लिहिलंय, ‘औद्योगिक उपयोग’. मग तिला कक्षाच्या ध्येयधोरणावर चौदा पानांचं टिपण सांगितलं. तिने ते निमूट लिहून घेतलं. हुशार आहे. तयार करायला हवी.

१९ जानेवारी

उपयोग तिसरा: साबण. गंधक त्वचेला चांगलं, हे जुनंच ज्ञान आहे. पण बाजारातल्या साबणात ते चिमूटभर घालतात. चिमटीचिमटीने डोंगर कधी उपसणार? मी निम्मं निम्मं घातलं. शास्त्रज्ञाने प्रयोग आधी स्वतःवर करावा, म्हणून सकाळी डोकं धुतलं.

कोंडा गेला. त्याबरोबर कपाळावरची थोडी कातडीही गेली. जेवताना सासूबाई इकडेतिकडे वास घेत म्हणाल्या, कोणाची अंडी नासली गं? ही म्हणाली, आई, अंडी नाहीत, हे आहेत.

२७ जानेवारी

यार्डाच्या मुकादमाची ओळख करून घेतली. मुरलेला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत, गंधकाची सगळी हलवाहलव त्याच्या हाताखाली होते. मी त्याला कक्षाची भूमिका समजावून सांगितली. तो पाऊण तास ऐकत होता. शेवटी म्हणाला, साहेब, पाय जरा बाजूला घ्या, लोडर मागे येतोय.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सुवर्णाक्षरांनी लिहावा असा दिवस. काँक्रीट!

गंधक एकशेवीस अंशांवर वितळतं. त्यात वाळू, खडी मिसळायची, साच्यात ओतायचं. निवलं की दगड. सिमेंट नको, पाणी नको, ॲसिड सांडलं तरी ढिम्म. एका दिवसात तयार. बाईने सांगितलं. पण मला ते एकदोन दिवसांत सुचणारच होतं, म्हणून ही कल्पना कक्षाची असं टिपणात घातलं.

बाई म्हणाली, सर, गंधक वीस टक्के. त्यापुढे नाही, आणि ते साधं नाही चालत, त्यात आधी थोडं दुसरं रसायन मिसळून घ्यावं लागतं, नाहीतर पेट घेतं. हे तिने यार्डाच्या वहीत लिहिलंसुद्धा आणि माझी सही घेतली. सावध स्वभाव. या देशोदेशीच्या सावध लोकांमुळेच प्रगती अडलेली आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार

यार्डात शेगडी पेटवायची तर सेफ्टीच्या अकरा सह्या लागतात. नऊ मिळाल्या, दोघं रजेवर. विज्ञान थांबत नसतं. ही बहिणीकडे गेली होती, सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. म्हटलं, गॅस मोकळाच आहे.

मोठं पातेलं घेतलं. फॉर्म्युला शेजाऱ्यांना कळू नये म्हणून खिडक्या बंद केल्या. गंधक छान वितळलं. आधी मधासारखं, मग आच जरा जास्त झाली तर काकवीसारखं लालकाळं. वाळू घातली. ब्रेडच्या साच्यात ओतलं. दोन तासांत वीट! टणटणीत. ठोकली तर आवाज देते. डोळ्यांत पाणी आलं. थोडं आनंदाने, बाकीचं धुराने.

संध्याकाळी ही परतली. कपाटातल्या काचेमागचे चांदीचे चमचे काळे. सासूबाईंच्या आईचं चांदीचं तबक काळं. मी शास्त्रीय कारण सांगत होतो, तेवढ्यात सासूबाई तबकात तोंड बघायचा प्रयत्न करत म्हणाल्या, जावईबापू, चांदी काळी करून झाली, आता तोंड तेवढं राहिलं.

पातेलं गेलं. साचा गेला. वीट आहे.

२२ फेब्रुवारी

ही बोलत नाही. शांतता असल्यामुळे विचार चांगले होतात.

३ मार्च

निर्णय: वीट नको, बाक. वीट भिंतीत जाते, कोणाला दिसत नाही. बाक दिसतो. त्यावर माणूस बसतो, बसल्यावर विचारतो, हा बाक कशाचा? प्रसिद्धी आपोआप. नावही सुचलं: ‘पीतासन’. टंकलेखनाला दिलं तर ‘प्रेतासन’ होऊन आलं. परत पाठवलं.

५ मार्च, शुक्रवार

बाईशी मतभेद. ती वीस टक्क्यांना चिकटून बसलीय. मी शांतपणे तिला कक्षाचा हेतू समजावला. आपल्याला गंधक वाचवायचंय की संपवायचंय? वीस टक्के घातलं तर वीस टक्केच संपणार. मी साठ ठरवलं. ती म्हणाली, सर, मग ते काँक्रीट राहत नाही, नुसतं गंधक राहतं आणि त्यात थोडी खडी. मी म्हटलं, बरोबर, खडी आपल्याकडे जास्त कुठे आहे?

ती वही मिटून लॅबकडे गेली.

९ मार्च

पहिला बाक ओतला. मुकादमाने साचा केला, त्याच्याच माणसांनी वितळवलं. मी देखरेख केली. एका बाकाला दीडशे किलो गंधक लागलं. मी आनंदाने मुकादमाला विचारलं, आपल्या प्लांटमधून रोज किती निघतं? तो म्हणाला, दोनशे टन. मग बोटांवर मोजल्यासारखं करून म्हणाला, साहेब, तुमचा हा बाक सुकेपर्यंत डोंगराला पिल्लू होईल.

हा माणूस प्रामाणिक आहे, पण दृष्टी नाही.

१८ मार्च

आणखी तीन बाक. बाई एक कागद घेऊन आली, सही हवी होती. बरंच काही छापलेलं होतं. मी मोजमाप घेत होतो. बहुधा रजेचा अर्ज. मन मोठं करून न वाचता सही केली. वर म्हटलं, जा, हिंडून या, तब्येत सुधारेल. ती म्हणाली, सर, एकदा वाचता का? मी म्हटलं, बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे. साहेबाने कसं असावं, त्याचा हा नमुना.

१ एप्रिल, गुरुवार

बाई पुन्हा गायब. आठवड्यातले दोन दिवस नसतेच. आली की चपलांना चिखल. कुठल्यातरी खेड्यात नातेवाईक असावेत. मी काही बोलत नाही. हाताखालच्या माणसाला घर असतं, हे सगळे साहेब विसरतात, मी विसरत नाही.

तिने आणखी दोन कागदांवर सह्या घेतल्या. रजा फार घेते.

१४ एप्रिल

आठ पीतासनं मुख्य गेटबाहेर बसथांब्यावर मांडली. सकाळ-संध्याकाळ पाळी सुटली की तिथे शंभरेक माणसं बससाठी थांबतात. आता ऐटीत बसतील.

१६ एप्रिल

बाकांवर कोणी बसत नाही. लोक त्यांच्याभोवती गोल करून उभे राहतात. मी दुरून पाहिलं आणि मन भरून आलं. इतका मान मी आजवर कुठल्याच फर्निचरला दिलेला बघितला नाही.

१९ एप्रिल

मुकादम म्हणतो, मान नाही साहेब, पँटीला पिवळं लागतं आणि धुतल्यावर जात नाही. एका फिटरच्या बायकोने त्याला दोन दिवस दाराबाहेर पँट काढायला लावली.

उपाय: बाकांवर सूचना रंगवली, ‘कृपया पिवळी पँट घालून बसावे’. मुकादम ती वाचून बराच वेळ खोकल्यासारखं करत होता.

२६ एप्रिल, सोमवार

मोठे साहेब स्वतः बाकांचं उद्घाटन करणार! १२ मे, सकाळी दहा. मी चारदा आठवण केली, पाचव्यांदा ते हो म्हणाले. भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जरा मागून, ज्वालामुखीपासून.

हिला विचारलं, येशील का? तिने खूप दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, तुम्ही खूश दिसताय. येते. मग म्हणाली, पण जपून करा हो. कशाला जपायचं ते विचारायचं राहून गेलं, कारण मी तिला भाषणाचं दुसरं पान वाचून दाखवत होतो.

११ मे

सगळी तयारी झाली. भाषण सत्तावीस पानी. बाईला पुढच्या रांगेत बसायला सांगितलं, तर म्हणाली, उद्या मी नाही, आधीच ठरलंय. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी रजा! आणि जाता जाता म्हणते, सर, बाकांजवळ कोणाला सिगारेट ओढू देऊ नका. मी म्हटलं, उद्घाटनाला आलेली माणसं भाषण ऐकतील की सिगारेट ओढतील?

१३ मे, गुरुवार

काल लिहिलं नाही.

जे झालं ते क्रमाने लिहितो. मी आठव्या पानावर होतो. ज्वालामुखी संपून गंधकाचं आरोग्यातलं स्थान चाललं होतं. मोठे साहेब उभेच होते, कारण त्यांची पँट पांढरी होती. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर मागच्या बाकाशी टेकला होता, त्याने सिगारेट बाकाच्याच कडेवर विझवली. म्हणजे त्याला वाटलं की विझवली.

गंधकाची ज्योत निळी असते आणि उन्हात दिसत नाही. हे मला आता माहीत आहे. काल आधी फक्त वास आला, नाकात सुया घुसल्यासारखा. मग पुढच्या रांगेतले खोकू लागले. मला वाटलं, भाषण कंटाळवाणं होतंय, म्हणून मी आवाज चढवला. मग कोणीतरी ओरडलं आणि शंभर माणसं एकदम पळाली. बाकातून पातळ झालेलं गंधक थेंब थेंब गळत होतं आणि प्रत्येक थेंब जळत होता.

मी परिस्थितीवर नजर ठेवून जागेवर उभा राहिलो.

मुकादम वाऱ्याच्या बाजूने धावत आला. आमच्या खोलीतल्या वाळूच्या बादल्या त्याने उचलून आणल्या होत्या. तोंडाला ओला रुमाल. एक, दोन, तीन, चार बादल्या बाकावर पालथ्या घातल्या. तोवर शेजारचा बाक पेटला. परत गेला. पुन्हा आला. सहाव्या बादलीला तो गुडघ्यावर बसला आणि उठला नाही. मग फायरवाले आले. मला हिने दंडाला धरून ओढत बाजूला नेलं. माझ्या हातात आठवं पान तसंच होतं.

जखमी: मुकादम. बाकी सगळे खोकून बरे झाले.

१४ मे

हॉस्पिटलमध्ये गेलो. मुकादमाच्या नाकाला नळी. छातीत धूर गेला, दोनचार दिवस ठेवतील म्हणे. त्याची बायको बाहेर बाकड्यावर बसली होती. मी माझी ओळख करून दिली, प्रमुख, गंधक विनियोग कक्ष. ती म्हणाली, म्हणजे ते बाकवाले तुम्हीच का? मी हो म्हटलं. तिने सरकून जागा केली. मी बसलो.

आत गेलो तर तो म्हणाला, साहेब, भाषण राहिलं तुमचं. आवाज चाळणीतून आल्यासारखा. मी त्याच्या उशाशी पाण्याचा पेला सरकवला.

ही घरी जेवायला वाढताना काही बोलली नाही. सासूबाईही नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ मे

विचार केला. चूक खरं तर ड्रायव्हरची आहे.

१८ मे

आणि सूचनाफलक वेळेवर न लावणाऱ्यांची. म्हणजे सेफ्टीवाल्यांची.

२ जून, बुधवार

चौकशी समिती. तिघं जण. बाईने यार्डाची वही काढली: ‘वीस टक्क्यांपेक्षा जास्त नको, पेट घेऊ शकतं’, खाली माझी सही, तारखेसकट. मी म्हटलं, ही सही मी न वाचता केलेली आहे. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुम्ही वाचून काय काय सह्या केल्यात? प्रश्न मोघम होता, त्यामुळे उत्तर दिलं नाही.

बाई माझ्याविरुद्ध एक शब्द बोलली नाही. वही दाखवली आणि गप्प बसली. बोलली असती तर खोडून काढता आलं असतं.

११ जून

समितीचा अहवाल. उरलेले बाक फोडून परत डोंगरावर टाकायचे. माझी बदली करावी अशी शिफारस, पण कुठे करावी यावर समितीचं एकमत झालं नाही. माझ्या खोलीच्या पलीकडे कंपनीची हद्द संपते.

२१ जून

मुकादम कामावर परतला. जिना चढताना थांबतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याला यार्डातून काढून वजनकाट्यावर बसायचं काम दिलंय, म्हणजे माझ्या भिंतीपलीकडे. सकाळी त्याच्याकडे गेलो. माफी मागायची असं घरून ठरवून निघालो होतो. तिथे गेल्यावर काट्याच्या अचूकतेबद्दल वीस मिनिटं बोललो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, समजलं साहेब.

काय समजलं कोणास ठाऊक.

५ जुलै, सोमवार

गंभीर प्रकार. यार्डातून गंधकाची चोरी होतेय! सकाळपासून अकरा ट्रक भरून गेले, दिवसाढवळ्या, माझ्या नाकासमोर. सिक्युरिटीला फोन केला. ‘स्फोट’ हा शब्द टाळून.

६ जुलै

सिक्युरिटीवाला म्हणतो, ट्रक तुमच्याच सहीने चाललेत. मी म्हटलं, अशक्य. त्याने फाईल दाखवली. माझी सही. एक नाही, तीन. सगळ्यांत वर १८ मार्चचा कागद: ‘गंधकाच्या खतगोळ्या, शेतावरील चाचणीचा प्रस्ताव’.

तो रजेचा अर्ज नव्हता.

७ जुलै

बाईला विचारायला गेलो तर ती खताच्या कारखान्यात. मुकादमाला विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, बाई फेब्रुवारीपासून गोळ्या करतेय ना साहेब, आम्हीच तर माती चाळून द्यायचो. चाळीस शेतकऱ्यांच्या शिवारात टाकून बघितल्या, कांदा असा धरला म्हणता! आता खतवाले जितकं निघेल तितकं उचलणार. मी विचारलं, मला कोणी का नाही सांगितलं? तो म्हणाला, सह्या तुम्हीच केल्यात की.

९ जुलै

विचारांती लक्षात येतं की हे यश मूलतः माझंच आहे. योग्य माणसावर विश्वास टाकणं यालाच नेतृत्व म्हणतात. घरी तसं सांगितलं. ही म्हणाली, हो का? आणि पालक निवडत राहिली.

२९ जुलै, गुरुवार

संचालकांची बैठक. प्रस्तावावर सही माझी, म्हणून माहिती देण्यासाठी मला बोलावलं. नवा शर्ट. म्हटलं, विषय माझ्याच कक्षाचा, सांगायला काय लागतं?

पहिला प्रश्न: गोळीत गंधकाबरोबर माती कशासाठी? मी म्हटलं, मजबुतीसाठी. टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईने डोळे मिटून घेतले. दुसरा प्रश्न: एकरी किती टाकायचं? मी म्हटलं, साठ टक्के. एकरी साठ टक्के म्हणजे काय, असं एका संचालकाने अगदी शांतपणे विचारलं. मी ज्वालामुखीकडे वळलो.

मोठे साहेब म्हणाले, तुम्ही बसा. बाई, तुम्ही सांगा. ती उठली. मी बसलो, पण ऐकू काही आलं नाही, कान तापले होते. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कोणासाठी वाजवतोय ते वाजवताना कळलं.

१६ ऑगस्ट

डोंगर वाढायचा थांबला, एका कडेने उतरू लागलाय. ऑर्डर आली: कक्षाचं उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे कक्ष बंद करण्यात येत आहे. ‘उद्दिष्ट पूर्ण’ हे शब्द खाली रेघ मारून हिला दाखवले. तिने चष्मा लावून दोनदा वाचले आणि कागद माझ्या हातात परत देताना हलकेच पाठीवरून हात फिरवला. त्यापेक्षा चिडली असती तर चाललं असतं.

३१ ऑगस्ट, मंगळवार

खोली रिकामी करायचा दिवस. बाई आवराआवर करायला आली होती. उद्यापासून ती खताच्या कारखान्यात, गोळ्यांचा सगळा विभाग तिच्याकडे. मी अभिनंदन केलं आणि निरोपाचं चार शब्दांचं भाषण सुरू करणार होतो. घड्याळात बघितलं, बस यायला वेळ होता. काय झालं कोणास ठाऊक, भाषणाऐवजी तोंडून निघालं, बाई, ते खताचं नेमकं आहे काय?

ती माझ्याकडे बघतच राहिली. आठ महिन्यांत मी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. मग पाठ नसलेली खुर्ची ओढून ती बसली आणि सांगू लागली. पिकाला गंधक लागतंच. पूर्वी ते फुकट मिळायचं. गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरातून वर जायचं आणि पावसाबरोबर शेतात उतरायचं. धूर घातक, म्हणून आपण इंधनातलं गंधक काढायला लागलो. हवा सुधारली, पण जमीन उपाशी राहिली. म्हणजे सर, तिथे जे कमी पडत होतं तेच इथे यार्डात साचत होतं. नुसतं नेऊन टाकलं तर ढेकूळ तसंच पडून राहतं. म्हणून थोडी चिकणमाती घालून गोळी करायची. पाणी लागलं की माती फुगते, गोळीचा भुगा होतो, आणि जमिनीतले जंतू पुढचं काम करतात. एवढंच.

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगतो. सगळं समजलं. सासूबाईंनाही समजलं असतं.

मी विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी सांगत होते सर. मग तुम्ही टिपण लिहून घ्यायला सांगितलंत.

ती गेली. जाताना भिंतीपलीकडच्या मुकादमाशी बराच वेळ बोलत होती. हसण्याचा आवाज येत होता, त्याच्या खोकल्याचाही. मी गेलो नाही. मध्येच जाऊन काय बोलायचं, ते आधी ठरवायला हवं होतं.

संकल्प: यापुढे माणसाला आधी विचारायचं, मग ऐकायचं, आणि आपण बोलायचं सगळ्यात शेवटी.

उद्यापासून कुठल्या विभागात बसायचं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. मुकादम पाच वाजता घरी गेला. खोलीत विचारायला कोणी नाही.